चालीत न बसलेलं उत्तर

११ ऑगस्ट

चि. बाळास,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत उरकून घेतो, कारण दुसरी ओळ तू वाचशील याची खात्री नाही. तू नाही वाचलंस तर सूनबाई वाचेल, आणि तिनं वाचलं म्हणजे जेवताना तुला घासागणिक कळेलच.

भिंगरी माझ्याकडे आहे हे तुला ठाऊक आहे. ती ठीक आहे, हेही सांगतो. तू तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारतोस, रागावलास की आडनावासकट. मी भिंगरीच म्हणणार. लहानपणी दुकानात काचांच्या चळतींमधून ती गरगर फिरायची, तेव्हा जीव माझा टांगणीला लागायचा, तुझा नव्हे. तू तेव्हा शाळामास्तरासारखा गल्ल्यावर बसायचास, गंभीर तोंड करून.

बातमी ही की ती सरकारच्या पदवीधर योजनेच्या पहिल्या परीक्षेत पास झाली. ही योजना म्हणजे काय, ते मलाही इतके दिवस कळलं नव्हतं. नव्या पदवीधरांमधून थोडी मुलं निवडतात, वर्षभर या खात्यातून त्या खात्यात फिरवून शिकवतात आणि मग अधिकारी म्हणून खुर्ची देतात. पहिली परीक्षा संगणकावर होती. आता वीस सप्टेंबरला त्यांच्या कचेरीत दिवसभर बोलावलंय. सकाळी पाचसहा मुलांना एका टेबलाभोवती बसवून वाद घालायला लावतात, मग कागदांनी भरलेला ट्रे पुढ्यात ठेवून 'यातलं आधी काय, नंतर काय ते लावा' म्हणतात, आणि शेवटी मुलाखत. वयाची अट अशी आहे की पुढच्या वर्षी तिला अर्ज करता येणार नाही. ती स्वतःच म्हणाली, "आजोबा, हे झालं तर झालं. नाही झालं तर मुकाट्यानं बाबांच्या दुकानात जाईन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही." हे वाक्य तुला कळवावं की न कळवावं, याचा विचार केला. कळवलं.

मुलाखतीची रीत मजेची आहे. तुम्हाला काय येतं हे विचारतच नाहीत. तुम्ही अमुक कधी केलंत, ते सांगा म्हणतात. अडचणीतून वाट कधी काढलीत? भांडणाऱ्यांना एकत्र कधी आणलंत? प्रत्येकाला एक खराखुरा प्रसंग हवा, आणि तोही तीन मिनिटांत. आमच्या वेळच्या निबंधासारखंच की. मी म्हटलं, मग यात भ्यायचं काय? पाठ करू.

पाठ कसं करायचं हे मला कोणी शिकवायला नको. गुरुजींनी टेबलावर पट्टीनं ठेका धरून जे म्हणून घेतलं, ते आजही झोपेतून उठवलंस तरी म्हणेन. साधं गद्य मात्र सकाळचं संध्याकाळी विसरतो. म्हणून तिचे प्रसंग मी चालीत बांधायला घेतले आहेत.

सूनबाईजवळ तू म्हणालास म्हणे, "म्हाताऱ्यानं दुकान कवितेवर चालवलं, आता पोरीला कवितेवर चालवणार." दुकान मी चालवलं नाही रे. मी फक्त उघडायचो. चालवलंस तू. यात वाद नाही.

तुझे वडील


२८ ऑगस्ट

चि. बाळ,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन आला की मान आपोआप वर होते. म्हातारपणी मान आपलं ऐकत नाही.

तयारी जोरात चालू आहे. पुढची खोली तिनं घेतली, मी आतल्या खोलीत आलो. तिथल्या खिडकीतून मागचं झाड दिसतं, त्यामुळे तोटा कोणाचाच झाला नाही. दारामागे तिनं कागद चिकटवलेत. 'भिंतीला चिकटवू नको' असं मी म्हटलं होतं, तर म्हणे, "दार म्हणजे भिंत नव्हे, आजोबा." तुझीच मुलगी.

ट्रेच्या परीक्षेची सोय मी घरच्या घरी केली. विजेचं बिल, दाताच्या दवाखान्याची तारीख, नळदुरुस्तीवाल्याची चिठ्ठी, वाचनालयाची तगाद्याची नोटीस, कोणाच्या तरी साखरपुड्याची पत्रिका, सगळं एका ताटात घातलं आणि घड्याळ लावून तिच्यापुढे ठेवलं. तिनं भराभर लावलं आणि वर मलाच विचारलं, "आजोबा, ही बिलाची तारीख उलटून गेलीय. वीज अजून आहे कशी?" मी लगेच जाऊन बिल भरून आलो. परीक्षा तिची, नापास मी.

चालींचंही छान जमतंय. कॉलेजात त्यांचा एक प्रकल्प रखडला होता, एक मुलगी रुसून निघून गेली होती, तो प्रसंग मी अनुष्टुभात असा बसवला:

कामाची वाटणी केली, ज्याला जे जमते दिले;
रुसलेली पुन्हा आली, काम वेळेत संपले.

हे ओठांवर असलं की त्याभोवतीचं गद्य आपोआप येतं. असे आठ प्रसंग झाले. भाजी चिरतानाही ती गुणगुणते.

काल शेजारच्या साहेबबाईंना बोलावलं होतं. या बाई सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या, मुलाखती घेण्यात त्यांचे केस पांढरे झाले. सगळी गल्ली त्यांना साहेबबाईच म्हणते, त्यांचे यजमानसुद्धा. त्या आमच्या जेवणाच्या टेबलामागे बसल्या, चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाल्या, "मतभेद मिटवल्याचा एखादा प्रसंग सांगा."

भिंगरीनं सुरुवात झोकात केली. मी आतून दाराआड ठेका धरला होता. निम्म्यावर आल्यावर बाईंनी टोकलं, "थांबा. ती मुलगी रुसली का होती?"

भिंगरी थांबली. वर बघितलं, खाली बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. "आम्ही शेवटच्या वर्षाला असताना..."

बाईंनी पुन्हा थांबवलं. ती पुन्हा पहिल्या ओळीवर. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा बाईंनी चष्मा काढला आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "आजोबा, बाहेर या. पोरीला मुलाखतीला पाठवताय की स्नेहसंमेलनाला?"

मी म्हटलं, "पाठांतर पक्कं आहे, बाई."

"पक्कंच आहे. इतकं पक्कं की मधून कुठूनही आत शिरता येत नाही. मुलाखतीत मधूनच शिरतात."

कविता मधूनच म्हणायला सांगितली तर मलाही पहिल्या कडव्यापासून सुरुवात करावी लागते.

जाताजाता बाईंनी आणखी एक प्रश्न टाकला. "हा हमखास विचारतात. वरिष्ठांची चूक त्यांच्या तोंडावर दाखवल्याचा प्रसंग आहे का?"

भिंगरी म्हणाली, "नाही. तसं कधी झालं नाही."

हे म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही झाडाकडे बघितलं. तसं कधी झालं होतं की नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. त्यावर आम्ही बोललो नाही. तुलाही काही विचारत नाही.

तुझे वडील


१३ सप्टेंबर

बाळ,

सूनबाईचा फोन आला होता. तिच्याकडून तुझा निरोप कळला. महिनाअखेरीस मोठ्या इमारतीच्या खिडक्यांचं काम येतंय, हात कमी पडतात, पोरीला पाठवून द्या. निरोप मी तिला सांगितला. ती म्हणाली, "वीस तारखेनंतर सांगते." सांगितलं ते बरोबर केलं, असं मला वाटतं. दाबून ठेवलं असतं तर तूच म्हणाला असतास, बाप दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा आहे.

चाल काढून टाकायला घेतली आहे. काम सोपं नाही. घालताना मजा आली होती, काढताना नाकी नऊ आले. मी वर्तमानपत्र वाचतावाचता मध्येच विचारतो, "मग त्या मुलीची समजूत कशी घातलीस?" आणि ती म्हणते, "ज्याला जे जमते दिले." मग कपाळावर हात मारून घेते. परवा चिडून म्हणाली, "आजोबा, तुमच्यामुळे मला साधं बोलताच येत नाही."

समोरच बसलेल्या साहेबबाईंनी तिला रागावून गप्प केलं. "बोलता येतं तुला. तासभर माझ्याशी वाद घालतेस ना, रिकामी जागा वाचनालयाला द्यावी की पाळणाघराला यावर? तेव्हा कुठे जाते ती चाल?"

"तेव्हा मी विचार करत असते."

"मग तिथेही कर."

साहेबबाईंचं म्हणणं असं की आठही प्रसंग गुळगुळीत आहेत. सगळ्यांत ही शहाणी, शेवट गोड, कुठेच काही दुखत नाही. "एखादा असा सांग की जो सांगताना तुला घाम फुटेल," म्हणाल्या. भिंगरीनं मिठाची गुळणी धरली. माझ्याही तोंडात तीच होती.

तू ये, असं मी म्हणत नाही. ये म्हटलं की तू येत नाहीस, हे लहानपणापासून पाहतोय. फक्त एवढंच की ती संध्याकाळी अभ्यास संपवून गॅलरीत बसते तेव्हा समोरच्या इमारतीच्या काचांकडे बघत असते. परवा म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरची एक काच बदललीय. रंग जुळलेला नाही." मी नीट बघितलं. खरंच जुळलेला नव्हता.

मी बरा आहे. एकटं राहायला सरावलो होतो, आता दोघांत राहायला सरावलोय. पुढचं पुढे.

तुझे वडील


२१ सप्टेंबर

बाळ,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. काच हातात असली तर आधी खाली ठेव.

काल तिच्यासोबत मी गेलो होतो. आत सोडत नाहीत, म्हणून बाहेर बाकावर बसलो. समोर चकचकीत फरशी आणि एक मोठं काचेचं दार. त्याची खालची बिजागरी कुरकुरत होती, दिवसभर. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात शाळेतल्या सगळ्या कविता म्हणून घेतल्या. शेवटी शेवटी पाढेही म्हटले. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. बसमध्ये बसल्यावर बोलायला लागली.

गटचर्चा बरी झाली. ट्रेसुद्धा वेळेआधी लावून झाला. माझ्या ताटापेक्षा सोपा होता म्हणे. मुलाखतीला एक बाई होत्या, खोकत होत्या, आणि एक तरुण गृहस्थ होते, ते मान वर न करता लिहीत होते. पहिल्या प्रश्नाला तिनं प्रकल्पाचा प्रसंग सुरू केला, आणि बाईंनी मध्येच टोकलं. ही पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या प्रश्नाला तेच. लिहिणाऱ्या गृहस्थांचा हात थांबला. तिला कळलं की आता आपलं काही खरं नाही.

मग बाईंनी तो प्रश्न विचारला. वरिष्ठांची चूक तोंडावर दाखवल्याचा.

"आजोबा, त्याला चालच नव्हती," ती म्हणाली. "त्यामुळे मी नुसती बोलत सुटले."

काय बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो. तुला माहीत असलं, तरी तिनं परक्यांना ते कसं सांगितलं हे तुला माहीत नाही.

तिनं त्यांना आधी समजावलं की साधी काच जागेवरही कापता येते, पण भट्टीत घालून टणक केलेली टफन काच नंतर केसभरही कापता येत नाही, कापायला गेलं तर सगळीच्या सगळी चुरा होते. म्हणून भट्टीत जाण्याआधीच माप अचूक लागतं. मग सांगितलं की एका दातांच्या डॉक्टरणीच्या दवाखान्यात अशा काचेची मोठी भिंत बसवायची होती. माप मालकांनी घेतलं होतं, तुला ती तिथे मालकच म्हणाली. ही दाराच्या मुठीचा नमुना दाखवायला तिथे गेली आणि सवयीनं ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघितलं. बाजूची भिंत वर जाताजाता आत झुकलेली. खाली बसणारी काच वर बसणार नव्हती. त्याच वेळी मालक तिथे येऊन डॉक्टरणीला सांगत होते की काच आज संध्याकाळी भट्टीत जाते, आठवड्यात बसवून देऊ.

"मी म्हटलं, माप चुकलंय. ते म्हणाले, माझं माप चुकत नाही. मी म्हटलं, या वेळी चुकलंय. डॉक्टर ऐकत होत्या. मग मी तिथूनच भट्टीवाल्यांना फोन केला आणि काच थांबवायला सांगितली. मालकांना न विचारता."

बाईंनी विचारलं, "मग मालक काय म्हणाले?"

"म्हणाले, दुकान कोणाचं? मी म्हटलं, तुमचं. म्हणाले, उद्यापासून यायचं असेल तर तोंड घरी ठेवून ये."

"आणि तुम्ही गेलात?"

"नाही. तोंड घेऊन आजोबांकडे गेले."

इथे लिहिणारे गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आज पुन्हा तशी वेळ आली तर?" भिंगरी म्हणाली, "काच थांबवीनच. डॉक्टरांसमोर बोलू की नको, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

मध्ये कितीदा तरी त्यांनी टोकलं म्हणे. प्रत्येक वेळी ही तिथूनच पुढे गेली.

आता महत्त्वाचं. त्यांचा नियम असा आहे की उमेदवारानं शेवटी जिथे काम केलं, त्या मालकाला फोन करून सांगितलेलं खरं की खोटं ते विचारायचं. भिंगरीनं काम फक्त तुझ्याकडे केलंय. मालक आणि बाप एकच असेल तर काय, याबद्दल नियमात काहीच नाही. तिनं तुझा नंबर दिला. बाई म्हणाल्या, "त्यांनी नाही म्हटलं, तर हा प्रसंग आम्हाला धरता येणार नाही. बाकीची उत्तरं तुम्हाला ठाऊक आहेत, कशी झाली ती."

म्हणजे सगळं या एका गोष्टीवर आलं. फोन येईल.

तिनं मला बजावलंय की बाबांना काही कळवू नका, त्यांना हवं ते बोलू देत. हे पत्र तिच्या नकळत लिहितोय. तू काय बोलावंस हे मी सांगणार नाही. फोन येणार आहे, एवढंच सांगतोय.

तुझे वडील


२ ऑक्टोबर

बाळ,

थोडक्यात लिहितो. सूनबाईशी बोललो. सोमवारी दुकानात एका अनोळखी नंबरावरून दोनदा फोन आला आणि तू घेतला नाहीस. काम करताना फोन ड्रॉवरमध्ये टाकायची तुझी रीत मला माहीत आहे, आणि ती चांगली आहे. मी तसं करत नव्हतो म्हणून माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

पण तो फोन त्यांचाच असणार. साहेबबाई म्हणतात, असे फोन तीनदा करतात, चौथ्यांदा नाही. लागला नाही तर 'पडताळणी झाली नाही' असा शेरा मारतात. नाही म्हणणं आणि न उचलणं, कागदावर दोन्ही सारखंच.

तुझा तिच्यावर राग आहे तर फोनवर तसं सांग. मी तिला थारा दिला म्हणून माझ्यावर राग असेल तर तो माझ्यावर काढ, मी पत्ता बदललेला नाही. पण ड्रॉवर उघडा ठेव.

भिंगरीनं काल सामान आवरायला घेतलं. म्हणाली, "महिनाभर खिडक्यांचं काम आहे ना, जाते मी." दारामागचे कागद काढले, पण फाडले नाहीत, गुंडाळी करून कपाटावर ठेवले. मी विचारलं, "निकालाची वाट नाही बघायची?" तर म्हणाली, "बाबा अनोळखी नंबर उचलत नाहीत, आजोबा. मला देतानाच माहीत होतं."

शनिवारपर्यंत थांब म्हणून तिला कसंबसं थोपवलंय.

तुझे वडील


८ ऑक्टोबर

बाळ,

सूनबाईनं फोन करून सगळं सांगितलं. तू फोन उचललास. रागावू नकोस तिच्यावर. दोन्ही हात काचेला लागणार म्हणून तूच फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावलास, मग कान काय तिनं बाहेर ठेवून यायचे?

तिनं सांगितलं तसं इथे लिहितो, म्हणजे काही चुकलं असेल तर तू दुरुस्त करशील.

खोकणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या मुलीनं एकदा तुमची चूक दाखवली, असं ती म्हणते. हे खरं का?"

तू म्हणालास, "कुठली चूक?"

"मापाची. दवाखान्याच्या काचेच्या."

सूनबाई म्हणते, तू हातातली काच आधी टेबलावर आडवी ठेवलीस. मग म्हणालास, "भिंत वाकडी होती."

"म्हणजे चूक भिंतीची?"

"भिंत काय माप घेते? माप मी घेतलं होतं."

"म्हणजे तिचं बरोबर होतं."

"माप बरोबर होतं. वागणं नाही. गिऱ्हाईकासमोर बोलली. बापाला बाजूला घेऊन सांगायचं असतं." मग म्हणालास, "बाजूला बोलावलं असतं तर मी गेलो नसतो, तेही खरं आहे. दोन्ही लिहून घ्या."

बाई म्हणाल्या, "घेतलं. शेवटचा प्रश्न सगळ्याच मालकांना विचारतो. तिला पुन्हा कामावर घ्याल का?"

आणि तू म्हणालास, "तिची जागा मी भरलेली नाही."

मग तू काच उचललीस आणि कापलीस. सरळ कापली गेली का, ते सूनबाईनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

माझं आयुष्य चांगल्या ओळी शोधण्यात गेलं. दुकानात बसून शोधल्या, गिऱ्हाईक उभं असताना शोधल्या, त्यावरून तुझी बोलणी खाल्ली. तुझ्या तोंडून एक ओळ निघाली ती टेलिफोनवर, आणि तीही परक्या बाईला. सूनबाईनं सांगितल्यावर मी गॅलरीत जाऊन ती एकदा मोठ्यानं म्हणून बघितली. तिला चाल लावायचा मोह झाला नाही.

भिंगरीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तू फोन उचललाच नाहीस. सामान बांधून बसली आहे. सोमवारपर्यंत थांब म्हणून आज पुन्हा थोपवलं. माझ्या गुडघेदुखीचं निमित्त केलं. दुखतोच तो, खोटं नाही.

तुझे वडील


१५ ऑक्टोबर

बाळा,

झाली रे. तिची निवड झाली.

सकाळी कळलं. ती स्वयंपाकघरात कप विसळत होती, फोन वाजला, ओल्या हातानं घेतला आणि वाचतावाचता खालीच बसली. मला वाटलं, चक्कर आली. म्हणाली, "आजोबा, मला घेतलं." आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. या वेळी मी टोकलं नाही.

साहेबबाईंनी निकाल चष्मा लावून तपासला. त्यात शेरे आहेत. 'उत्तरं पाठ केलेली वाटतात, मध्ये प्रश्न विचारल्यास गोंधळ उडतो, एका प्रसंगाचा अपवाद.' मग: 'त्या प्रसंगाची मालकांकडून पडताळणी झाली.' बाई म्हणाल्या, "आठ उत्तरं आजोबांची आणि एक पोरीचं. सरकारनं पोरीचं घेतलं." मी म्हटलं, सरकारची जाण चांगली आहे.

भिंगरीनं ती ओळ बोटानं दाखवली. "पडताळणी झाली म्हणजे? बाबा बोलले?"

मी म्हटलं, "बोलले असतील."

"काय बोलले असतील?"

"त्याला विचार."

"तुम्हाला माहीत आहे, आजोबा. तुमचं तोंड सांगतंय."

माझं तोंड काही का सांगेना, मी सांगितलं नाही. ती सकाळपासून माझ्याभोवती फिरतेय. मी कोणाकोणाच्या कविता म्हणून वेळ मारून नेतोय. फार काळ जमणार नाही, म्हणून हे पत्र आजच्या आज पेटीत टाकतो.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ती रुजू होते. पहिलं खातं पाणीपुरवठा, गाव लांबचं, राहायला वसतिगृह. म्हणजे माझ्याकडेही राहणार नाही आणि तुझ्याकडेही. दोघांनीही ते समजून घ्यायला हवं, आणि तुझ्या आधी मला समजलंय असा माझा दावा नाही.

त्याआधी रविवारी दुपारच्या बसनं ती तुझ्याकडे येतेय. आठवडाभर राहील. खिडक्यांच्या कामाला हात लावीन म्हणते, लावू दे. तुला विचारीलच. तेव्हा जे बाईंना बोललास तेच तिला सांग. वागणं चुकलं हे आधी सांग, हवं तर त्यासाठी तिला बाजूला घेऊन जा. माप बरोबर होतं हे मात्र सूनबाईसमोर सांग, आणि तिसरी गोष्ट, ती तिच्या जागेची, तुला जमेल तिथे, जमेल तशी.

मग तिची बस निघाली की दुकानाच्या दाराला पाटी लाव. 'मदतनीस पाहिजे.' चांगला माणूस बघून घे, ओळंबा सोडणारा. हात खरंच कमी पडताहेत तुला.

ती घरात आहे तोवर मात्र पाटी लावू नकोस.

तुझे वडील